मदत हवी आहे: स्टेजच्या कडेचे पाहुणे फ्लॅशने फोटोत जळतात (पांढरे पडतात)

मंडळी, रात्रीचं रिसेप्शन, मोकळं लॉन, म्हणजे बाउन्सला (फ्लॅशचा उजेड आदळून परत पसरवायला) छत नाही. स्टेजच्या दोन्ही बाजूंना ९ फुटी स्टँडवर एकेक स्पीडलाइट (छोटा सुटा फ्लॅश), तो दुरून उडवायला रेडिओ ट्रिगर, पॉवर पूर्णच्या १/१६, अर्धा सीटीओ जेल (उजेड पिवळसर करणारी नारिंगी फिल्म). कॅमेरा: आयएसओ १६००, एफ/२.८, १/१६०.

जोडप्याचे फोटो झकास. ग्रुप आला की कडेची काकू पांढरीफटक! साहजिकच आहे: ती फ्लॅशपासून ६ फुटांवर, नवरानवरी १२ वर, दोन्ही फ्लॅश धरूनही फरक स्टॉपभर (म्हणजे दुप्पट उजेडाइतका) उरतो. स्टँड १२ फूट मागे नेले तर फरक पाव स्टॉपवर येतो, पण पॉवर १/४ लागते, सलग फोटोंत सेल दमतात. शिवाय व्हिडिओवाल्यांच्या वायरी.

डावा फ्लॅश उजव्या टोकाकडे रोखून, फ्लॅशचं झूम १०५ वर (झोत अरुंद) ठेवून कोणी भागवतं का? चेहऱ्यांवर शेजाऱ्याची सावली किती पडते?