तिसरी-चौथीला खेळाच्या तासात क्रिकेट कसं शिकवावं? ४२ मुलं, २ बॅटी

चौथीचा_वर्ग:
नमस्कार. तिसरी-चौथीचा एकत्र तास, ३५ मिनिटं. प्लास्टिकच्या २ बॅटी, ६ टेनिस चेंडू, मैदान मुरमाचं. मॅच लावली की चार-पाच जणच खेळतात, बाकीचे नुसते उभे. मुली तर कडेला जाऊन बसतात. बॉलिंग म्हणून सगळे चेंडू फेकतात आणि कॅच आला की तोंड फिरवतात. सुरुवात कुठून करावी?

मुरमाचं_मैदान:
ताई, पहिला महिना मॅच बंद ठेवा. हिशेब बघा: या वयाची मुलं ३५ मिनिटांत फार तर ६ ओव्हर टाकतात, म्हणजे ३६ चेंडू. ४२ मुलांना एकेक चेंडूसुद्धा येत नाही, मग ती शिकणार कशावर?

सुरुवात कॅचपासून करा, तीही मोज्याच्या चेंडूने. जुन्या मोज्यात चिंध्यांचा घट्ट गोळा भरून गाठ मारायची. असे २१ करून घ्या, जोडीला एक. मुलं तोंड फिरवतात ती लागेल या भीतीने. टेनिस चेंडू एकदा नाकावर बसला की ती भीती लवकर जात नाही. मोज्याचा चेंडू लागत नाही, त्यामुळे डोळे उघडे राहतात.

दोघांत २ मीटर अंतर, चेंडू खालच्या हाताने टाकायचा. छातीच्या खाली आला तर करंगळ्या जुळलेल्या आणि बोटं जमिनीकडे, वर आला तर अंगठे जुळलेले आणि बोटं आभाळाकडे. बहुतेक मुलं दोन्ही बाजूंनी टाळी वाजवतात आणि चेंडू मधून निसटतो. पाणी प्यायला धरतो तशी ओंजळ करायला सांगा आणि चेंडू आला की ओंजळ पोटाशी ओढायला लावा. १० पैकी ८ कॅच जमले की एक पाऊल मागे.

राउंड_आर्म:
बॉलिंगला सुरुवातीला धावणं नकोच. जागेवरून टाकू द्या.

उजव्या हाताच्या मुलाने डावा खांदा स्टंपकडे करून आडवं उभं राहायचं. डावा हात सरळ, स्टंपच्या दिशेने उंच. चेंडूचा हात मांडीशी, तोही सरळ. मग रहाट फिरतो तसं: डावा खाली येतो तेव्हा उजवा मागून वर जातो आणि दंड कानाला घासून पुढे येतो. चेंडू डोक्याच्या थोडा पुढे सुटायला हवा. लवकर सुटला तर बॅट्समनच्या डोक्यावरून जातो, उशिरा सुटला तर स्वतःच्या पायाशी आपटतो. एवढं मुलांना सांगून ठेवा, ती आपली आपण दुरुस्ती करतात. हात लहान असेल तर चेंडूवर दोनऐवजी तीन बोटं चालतील.

फेकण्याचं मूळ कारण अंतर आहे. मोठ्यांची खेळपट्टी २०.१२ मीटर. तिथवर पोचवायला मुलाची ताकद पुरत नाही, मग कोपर वाकतं. ‘हात सरळ ठेव’ असं कितीही ओरडलं तरी ते वाकणारच. ८-१० मीटरवरून सुरू करा, हात वळणी पडला की १२-१४ मीटर. बॅट्समनच्या २-३ मीटर पुढे फक्कीने पट्टा आखा, टप्पा त्यात पडला की गुण.

कोपरा_शॉट:
महिनाभर बॅटच न देणं मला पटत नाही. क्रिकेट म्हटलं की पोरांचा जीव बॅटीत असतो. शेवटची १० मिनिटं बॅट द्या, पण चेंडू ठेवलेला हवा, टाकलेला नको. प्लास्टिकची बाटली तळापासून १० सेंटिमीटरवर कापा, कडेला चिकटपट्टी लावा, आत ओली माती भरा. टेनिस चेंडू त्यावर छान बसतो.

बॅट धरायला शिकवताना ती पालथी जमिनीवर ठेवा, दांडा मुलाकडे, आणि कुऱ्हाड उचलतो तशी दोन्ही हातांनी उचलायला सांगा. पकड आपोआप नीट बसते. उजव्या मुलाचा डावा हात वर आला का, तेवढं तपासा.

बॅटभोवती ३ मीटरचा फक्कीचा गोल आखा. बॅट हातात असताना आत कोणी नाही, चेंडू आणायला शिट्टीनंतरच जायचं. विकेटकीपरही गोलाबाहेर. बॅट तोंडावर बसते ती जवळ उभ्या असलेल्याच्याच.

चौथीचा_वर्ग:
खूप मदत झाली. मोजे गोळा करायला आजच सांगते. दोन शंका: मुरमावर टेनिस चेंडू मुलांच्या खांद्यावरून उसळतो, त्याचं काय? आणि मॅच लावायची तेव्हा कशी?

मुरमाचं_मैदान:
नवे चेंडू कॅचला ठेवा आणि हवा गेलेले, लव झडलेले बॉलिंगला. ते कमी उसळतात.

मॅच जोडीने खेळवा. ६-६ चे संघ, प्रत्येक जोडीला २ ओव्हर. आऊट झालं तरी कोणी बाहेर जात नाही, ५ धावा वजा. म्हणून संघाची सुरुवात १०० धावांपासून करा. समोरच्या सहाही जणांनी एकेक ओव्हर टाकायची. ६ ओव्हरमध्ये एका संघाचा डाव संपतो, दुसऱ्याचा पुढच्या तासाला. वाइडला २ धावा द्या, पण चेंडू पुन्हा टाकू देऊ नका, नाहीतर एकाच ओव्हरमध्ये तास संपतो. दोन बॅटींवर दोन मॅच म्हणजे २४ मुलं, उरलेली १८ मोज्याच्या चेंडूने जोड्यांत.

आणि दर ३ चेंडूंनी जोडीला टोकं बदलायला लावा. तसं केलं नाही तर ज्याला आधीच येतं तोच सगळे चेंडू खेळतो.