मदत हवी आहे : व्हीक्यू स्कॅनला डीटीपीए की टेक्नेगॅस?

राम राम मंडळी. आमची मोठी आई लातूरला असते. फुफ्फुसात गुठळी असल्याचा संशय आहे. क्रिएटिनिन वाढलंय (मूत्रपिंडं नीट काम करत नाहीत), म्हणून डाय टाकून सीटी नको, व्हीक्यू स्कॅन (फुफ्फुसात हवा आणि रक्त कुठं कुठं पोचतं ते दाखवणारी तपासणी) करा असं डॉक्टर म्हणाले. अडचण अशी की चुलीच्या धुरानं तिला जुना सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होण्याचा आजार) आहे. या स्कॅनसाठी श्वासातून देतात तो डीटीपीएचा फवारा अशा छातीत मोठ्या नळ्यांतच साचतो, चित्रात नुसते ठिपके उठतात. श्वासातूनच द्यायच्या टेक्नेगॅसचे कार्बनकण फार बारीक, ते खोलवर पोचतात. दोन्हींत किरणोत्सारी टेक्नेशियम-९९एमच, अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ) ६ तास. क्रिप्टॉन-८१एम या तिसऱ्या पर्यायाचं तर १३ सेकंद, त्याचं नावच नको!

संभाजीनगर, नांदेड, नाहीतर हैदराबादकडं टेक्नेगॅस कुठं मिळंल? नसेल तर डीटीपीए देऊन स्पेक्ट-सीटी (सीटीच्या जोडीनं घेतलेलं त्रिमितीय स्कॅन) केलं तर भागतं का? न्यूक्लिअर मेडिसिनवाल्यांनी जरा सांगा. लांबचा प्रवास तिला झेपायचा नाही.