हातावर पाणी घेऊन: निवांत सुट्टी, मित्रमंडळी आणि नव्या वर्षाचे संकल्प

डिसेंबर सरत आला. इंदुरात थंडीनं जोर धरलाय, सराफ्याच्या खाऊबाजारात गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, कढया रात्री उशिरापर्यंत उतरत नाहीत आणि जो तो विचारतोय, "31ला काय करायचं?"

2023 च्या डिसेंबरात 30 तारखेला शनिवार आला आणि 1 जानेवारीला सोमवार. सलग तीन दिवस मिळाले. आम्ही सहा जणी, सगळ्या एकाच शाळेतल्या, महेश्वरला गेलो. सकाळी पोहे-जिलेबी खाऊन निघालं की दुपारच्या जेवणाआधी घाटावर. काही बघायचं नाही, कुठे धावायचं नाही, हे आधीच ठरलेलं. पायऱ्यांवर उन्हात बसून बोरं खाल्ली, एकमेकींच्या वेण्या घातल्या, घरी दिवसातून एकदाच फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाड्यात लिंगार्चन पाहिलं. अहिल्याबाईंच्या काळापासून चालत आलेली पूजा. मातीची इवलाली शिवलिंगं करून पाटावर मांडतात, पूजतात आणि नर्मदेत सोडतात. गुरुजींनी संकल्प सांगितला. घरी सत्यनारायणाला किती वेळा ऐकला असेल, पण नीट लक्ष देऊन त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. आधी जागा येते: कुठल्या नदीच्या कुठल्या तीरावर आपण बसलोय. मग संवत्सर, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार. मग गोत्र आणि नाव. एवढं सगळं सांगून झाल्यावर काय करणार ते, शेवटी 'करिष्ये', आणि मग हातातलं पाणी सोडायचं.

माझी डॉक्टर मैत्रीण बाहेर आल्यावर म्हणाली, "अगं, आपण दर वर्षी नुसतं 'करिष्ये' म्हणतो. कुठे, कधी, कोण, हे कधी सांगतच नाही."

त्या संध्याकाळी आम्ही सहाही जणींनी नर्मदेचं पाणी ओंजळीत घेऊन आपापला संकल्प बोलला, जागेसकट आणि वेळेसकट. माझा असा होता: सुदामानगरच्या घरी, मागच्या खोलीत, दर मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला मी पेटी घेऊन बसेन. लग्नानंतर एकोणीस वर्षं ती पेटी कपाटावर होती. भाता फाटलेला निघाला, तो दुरुस्त करण्यात जानेवारी गेला. त्या वर्षात एक्केचाळीस मंगळवार झाले. यमन अजून मनासारखा वाजत नाही. पण साडेसहा वाजले की आता धाकटा स्वतःहून टीव्हीचा आवाज कमी करतो.

तुमच्या अशा सुट्टीबद्दल लिहा. कुठे होतात, कोण बरोबर होतं, काय ठरलं, पुढे काय झालं. मोडलेला संकल्पही लिहा, तो मला जास्त वाचायचाय. आलेली पत्रं खाली जोडत जाईन.

राजेंद्रनगरहून

मोडलेला माझ्याकडे आहे, ताई. आम्ही चौघे एका बँकेतले. वर्षअखेरच्या रविवारी पिपल्यापाल्याच्या तलावाकाठी डबे घेऊन गेलो होतो, बायकामुलं सगळी. उन्हात पडून गप्पा मारता मारता ठरलं की रोज पहाटे पावणेसहाला फिरायला निघायचं. पाच आठवडे छान गेले. मग आमच्या घरी लग्न निघालं आणि माझे नऊ दिवस चुकले. दहाव्या दिवशी कोणत्या तोंडानं जायचं म्हणून गेलो नाही, आणि मग गेलोच नाही.

बाकीचे तिघे मात्र रोज वळसा घेऊन माझ्या गल्लीतून जायचे. हाक मारायचे नाहीत. महिन्याभरानं मी ओटल्यावर दूधवाल्याची वाट बघत उभा होतो, तेव्हा एकानं एवढंच म्हटलं, "चप्पल घाल, चल." तसाच गेलो. त्याला आता दोन वर्षं झाली. त्या दिवशी कुणी 'एवढे दिवस कुठे होतास' विचारलं असतं तर मी परत फिरलो असतो. त्यांनी विचारलं नाही, याचे उपकार मी विसरणार नाही.

स्नेहलतागंजहून

राजेंद्रनगरच्या भाऊंसाठी मुद्दाम लिहिते. मी मानसशास्त्र शिकवायची. 'एकवीस दिवसांत सवय लागते' असं लोक बिनदिक्कत सांगतात आणि बावीसाव्या दिवशी जमलं नाही की स्वतःला दोष देतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांचा अभ्यास केला होता. त्यात सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागतात असं दिसलं. कुणाला 18 पुरले, तर कुणाला 254 दिवस लागतील असा हिशेब निघाला. त्यात आणखी एक गोष्ट होती: मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवयीच्या घडणीत फारसा फरक पडत नाही. नऊ दिवस चुकले तरी तुमची पस्तीस दिवसांची कमाई धुऊन निघाली नव्हती, एवढंच मला सांगायचंय.

आणि तुमच्या डॉक्टर मैत्रिणीला सांगा, पीटर गोल्विट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1999 मध्ये हेच मांडलं. 'अमुक जागी, अमुक वेळ झाली की मी अमुक करीन' अशा शब्दांत ठरवलेली गोष्ट नुसत्या इच्छेपेक्षा जास्त वेळा पार पडते.

टिळकनगरहून

माझं वय एकाहत्तर. आम्ही भिशीतल्या पाच जणी नव्या वर्षात खजराण्याच्या गणपतीला जातो, पण 1 तारखेला नाही, त्या दिवशी मुंगीला वाट नसते. गर्दी ओसरली की जातो, दर्शन झालं की आवारात तासभर बसतो. तिथे गणपतीच्या मागे उलटं स्वस्तिक काढून नवस बोलतात, इच्छा पुरी झाली की सुलटं काढायचं. मुलाच्या नोकरीसाठी मीही काढलं होतं, आणि सुलटं करायलाही गेले. मागच्या खेपेला मैत्रिणी म्हणाल्या, गुडघ्यांसाठी बोल. मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम देव कसा करेल, तो मलाच करायचाय. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत करते. चुकत नाही, कारण कुकर रोज लागतो.

रामबागेतून

आमच्या घरी आजोबांची एक पत्र्याची पेटी आहे, मोडी लिपीतल्या कागदांनी भरलेली. एका वर्षअखेरीला दोन मित्र राहायला आले, दोन दिवस आम्ही गच्चीवरून हललो नाही. ऊन, शेंगा, जीरावन मसाला टाकलेले पेरू, जुन्या गोष्टी. कुणीतरी पेटी वर आणली. तिघांनाही एक अक्षर येईना. मराठी घरातली मराठी पत्रं, आणि आम्ही तिघे पदवीधर त्यांच्यापुढे निरक्षर. ते मला फार लागलं.

ठरलं ते असं: दर रविवारी दुपारी चार वाजता, याच गच्चीवर, पाऊस असेल तर जिन्यात. एका निवृत्त गुरुजींनी बाराखडी लिहून दिली. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात, हात शक्यतो न उचलता. शब्द कुठे संपला ते कळत नाही, इकार-उकारात ऱ्हस्वदीर्घ नाही. अक्षर कळलं तरी शब्द सुटायला तासन् तास जातात. मार्चमध्ये एक मित्र कंटाळला. आम्ही त्याला वाचायचं काम काढून चहाचं दिलं, तो येत राहिला. जूनमध्ये त्यानंच एक अडलेला शब्द सोडवला.

नोव्हेंबरात पहिलं पत्र पूर्ण लागलं. मला वाटलं होतं होळकर दरबारातलं काही निघेल. पणजोबांना त्यांच्या धाकट्या भावानं लिहिलेलं पत्र होतं: गाय व्याली, कालवड झाली, यंदा आंब्याला मोहोर कमी, थंडी फार आहे, घोंगडी पाठवणे, पत्र पोहोचल्याचे लिहिणे. मी ते बाबांना वाचून दाखवलं. 'कालवड झाली' एवढं त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं.

पेटीत अजून दोनशेच्या वर कागद आहेत. मोडी येणारं कुणी इंदुरात असेल तर रविवारी चारला या, चहा आहे.

मालवा मिल भागातून

इथे सगळे सांगतायत की बोलून दाखवलं की टिकतं. माझ्या बाबतीत उलटं झालं. चौदा वर्षं तंबाखू खात होतो. लागोपाठ दोन वर्षं रालामंडलच्या टेकडीवर मित्रांसमोर पुडी फेकली. एकदा तीन दिवस टिकलं, एकदा अकरा. दर वेळी सगळ्यांना माहीत, त्यामुळे मोडल्यावर लपून खायला लागलो. ते तंबाखूपेक्षा वाईट.

तिसऱ्या वर्षी कुणाला बोललो नाही. फक्त एका मित्राला सांगितलं, आणि 1800-11-2356 या सरकारी मोफत क्रमांकावर फोन केला. तिथल्या बाईंनी आधी सोडायची तारीख ठरवून घेतली आणि पुढे त्यांचे फोन येत राहिले. तलफ काही मिनिटांची असते, तेवढी ढकलायची, हे त्यांनी शिकवलं. त्या मिनिटांत मी मित्राला फोन लावायचो. तो दुकानात गिऱ्हाईक असलं तरी उचलायचा आणि इकडचं तिकडचं बोलत राहायचा, तंबाखूचा शब्दही न काढता. चार वर्षं झाली. ज्यांना चारचौघांत बोलणं जड जातं त्यांनी एकच माणूस निवडा, पण फोन उचलणारा.

वैशालीनगरहून

आमचं छोटंच. 31ला वीस माणसं जेवायला होती. ठरवलं की एकही कागदी पेला, एकही प्लास्टिकचा चमचा नाही. शेजारच्या तीन घरांतून ताटं-वाट्या आणल्या, रात्री सगळ्यांनी मिळून घासल्या. सकाळी कचरागाडी आली तेव्हा सुक्याचा डबा जवळजवळ रिकामा होता. आता आमच्या मजल्यावर प्रत्येक समारंभाला हेच चालतं.

विजयनगरहून

पातालपाणी ते कालाकुंड ही इंदुराजवळच्या घाटातली मीटरगेजची पर्यटन गाडी 2018 च्या डिसेंबरात सुरू झाली. हा जुना रेल्वेमार्ग घालायला होळकरांनी इंग्रजांना एक कोटी कर्ज दिलं होतं, ते इंदुरात सगळ्यांना पाठ असतं. आम्ही पाच जण, कॉलेजपासूनचे, त्याच हिवाळ्यात गेलो. बोगदे, दरी, मोबाइलला रेंज नाही. कालाकुंडला उतरून पानावरचा कलाकंद खाल्ला आणि रुळांशेजारी बसलो. चौघांनी आपापले संकल्प सांगितले: वजन, कर्ज, इंग्रजी, पोहणं. पाचवा म्हणाला, "मला काही सोडायचं नाही नि धरायचं नाही. वर्षातून एकदा असं बसायचं, बास."

आमच्या चौघांचं काय झालं ते लिहिण्यासारखं नाही. त्याचं 2019 मध्ये पार पडलं. 2020 मध्ये कुणीच कुठे जाऊ शकलं नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये तो गेला, आणि आम्हाला खांदाही देता आला नाही.

गाडी चालू असेल त्या दिवसांत आम्ही चौघे वर्षातून एकदा जातो. गेल्या पावसाळ्यात त्याची मुलगी बरोबर आली. तिनं विचारलं, "काका, बाबा कुठल्या खिडकीत बसले होते?" एकानं दरीकडची सांगितली, दुसऱ्यानं डोंगराकडची, आमचं एकमत होईना. मग ती जाताना दरीकडे बसली आणि येताना डोंगराकडे.