गॅस्ट्रिक बायपासनंतर पाळी अनियमित आणि अंगावरून फार जाते; हॉर्मोनच्या गोळ्यांबाबत सल्ला हवा आहे

नमस्कार. माझे वय ३८ असून गेल्या वर्षी वजन कमी करण्यासाठी माझी रू-एन-वाय गॅस्ट्रिक बायपास (जठर लहान करून आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळणारी) शस्त्रक्रिया झाली. त्याआधी अनेक वर्षे पीसीओएस (हॉर्मोन बिघडल्याने पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा विकार) होता आणि गोळ्या घेतल्याशिवाय पाळी येतच नसे. शस्त्रक्रियेनंतर ती आपणहून येऊ लागली तेव्हा बरेच वाटले, पण आता ती कधी वीस दिवसांत येते, तर कधी दीड महिना येत नाही. आली की आठवडा उलटला तरी थांबत नाही, गाठी पडतात आणि रात्री पॅड बदलायला उठावे लागते. ताज्या तपासणीत हिमोग्लोबिन ९.६ आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारा आकडा) ७ आले आहे.

असे का होते, हे सर्जनांनी नीट समजावले. चरबीच्या पेशी पुरुषी हॉर्मोनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतात आणि इस्ट्रोजेन साठवूनही ठेवतात, त्यामुळे वजन झपाट्याने उतरू लागले की हे सारे गणित हलते. शिवाय इन्सुलिन खाली आल्याने अंडाशयातील टेस्टोस्टेरॉन कमी होते आणि बंद पडलेली बीजनिर्मिती पुन्हा सुरू होऊ शकते. हे मला पटते. मात्र ‘हळूहळू बसेल’ यापुढे त्यांचे उत्तर जात नाही. बसेलही, पण तोवर रक्त जातच राहणार, आणि आतड्याच्या ज्या सुरुवातीच्या भागात लोह सर्वाधिक शोषले जाते तोच बायपासमध्ये वगळलेला असल्यामुळे गोळ्यांनी ही तूट भरून निघत नाही. कॅल्शियम आणि लोह यांत दोन तासांचे अंतर मी कटाक्षाने पाळते, तरीही आकडा हलत नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञांनी पाळी नियमित करण्यासाठी संयुक्त हॉर्मोनच्या गोळ्या (म्हणजेच गर्भनिरोधक गोळ्या) सुचवल्या आहेत आणि माझी मुख्य शंका तिथेच आहे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या गर्भनिरोधनविषयक निकषांत, शोषण घटवणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्या तिसऱ्या श्रेणीत आहेत, म्हणजे साधारणपणे टाळाव्यात अशा. गर्भाशयात बसवायची साधने आणि दंडात त्वचेखाली बसवायचे इम्प्लांट यांना तशी आडकाठी नाही. स्लीव्ह (फक्त जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया) झालेल्यांना ही अडचण नसते, त्यामुळे त्यांच्या अनुभवावरून मला अंदाज बांधता येत नाही. गोळी पुरेशी शोषली जात नसेल तर रक्तस्राव आटोक्यात कसा येणार? आणि पहिले बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळायला सांगितलेले असताना, बीजनिर्मिती सुरू झालेल्या बाईने अशा गोळीवर विसंबायचे तरी कसे?

आणखी एक गोष्ट, जी इतरांनाही उपयोगी पडेल. रक्तस्राव थांबवण्यासाठी मला जी गोळी लिहून दिली होती, तिच्या पाकिटामागची बारीक अक्षरे वाचली तेव्हा ट्रानेक्झामिक ॲसिडच्या जोडीला मेफेनॅमिक ॲसिड हे वेदनाशामकही असल्याचे लक्षात आले. या गटातील वेदनाशामकांनी जठर आणि आतडे जोडलेल्या जागी अल्सर होऊ शकतो, म्हणून बायपासनंतर ती टाळावीत, असे सर्जनांनी बजावले होते. विचारल्यावर गोळी लगेच बदलून मिळाली, पण दोन डॉक्टरांच्या मधला निरोप्या रुग्णानेच व्हायचे, हे काही बरे नव्हे.

बायपास झालेल्या भगिनींना आणि इथल्या डॉक्टर सदस्यांना माझे विचारणे असे की, अशा स्थितीत हॉर्मोनयुक्त साधन गर्भाशयात बसवून घेतलेल्या कोणाला फरक पडला का, आणि सुरुवातीचे थेंब-थेंब जाणे किती काळ टिकले? (साधी तांबी मला नको, तिने रक्तस्राव वाढतो.) पूर्वी पाळी महिनोन्‌महिने चुकत असल्याने गर्भाशयाचे अस्तर जाड झाले असण्याची शक्यता आहे. तेव्हा साधन बसवण्याआधी सोनोग्राफी पुरे, की अस्तराचा तुकडाही तपासून घ्यावा? केस गळतात म्हणून मी बायोटिन हे जीवनसत्त्व घेते आणि त्यामुळे थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात, म्हणून ती तपासणी बायोटिन थांबवून पुन्हा करणार आहे. तिच्यासोबत प्रोलॅक्टिनही (पाळीवर परिणाम करणारे एक हॉर्मोन) पाहावे का? शिरेतून लोह घेतलेल्यांनी फेरिटिन पुन्हा केव्हा तपासले, तेही कृपया लिहावे. पुढच्या भेटीत सर्जन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांपुढे एकच लेखी टिपण ठेवण्याचा माझा विचार आहे, त्यात काय राहून जाऊ नये हे सुचवल्यास आभारी राहीन.