आग, काडेपेटी आणि पोरं: तुमच्याकडे काय शिकवलंय?

मुक्ताची आई
परवा भवानी पेठेत बंबाला वाट द्यायला सगळी वाहतूक थांबली होती. लेकीला सहज विचारलं, आपल्या घरात आग लागली तर काय करशील? उत्तर तयार! "टेडीला घेऊन पलंगाखाली लपेन." हसले, मग पोटात गोळाच आला.

त्यावरून आमचा शनिवार पेठेतला वाडा आठवला. जिना लाकडी, माडी लाकडी. आजी काडेपेटी लपवायची नाही, शिकवायची. प्रत्येक नातवंडाला देवघरापुढे बसवायची. केस बांधलेले, फ्रॉकचा घेर मांड्यांखाली, काडी अंगापासून लांब ओढायची, शेजारी वाटीत पाणी. विझलेली काडीही वाटीत बुडल्याशिवाय खाली ठेवायची नाही. चोरून काड्या ओढणाऱ्या चुलतभावाची सगळी मजाच गेली. पण पेटल्यावर पळायचं कुठे, हे कुणी सांगितलं नाही. जिना एकच होता म्हणा. तुम्ही काय सांगता मुलांना?

पेठकर७१
आमच्या दाराला आतून पाटी आहे. 'गॅस बंद केला का? नक्की? परत जाऊन बघा.' खाली चिरंजीवांनी पेन्सिलीने भर घातलीय, 'हे बाबांसाठी.'

रेवा_के
बाबा अग्निशमन दलातून निवृत्त झाले. पलंगाखालचं उत्तर त्यांना अजिबात नवीन नाही. घर रिकामं वाटलं तरी पलंगाखाली, कपाटात, बाथरूममध्ये बघायचंच, म्हणायचे. पोरं लपतात ती भीतीने, नाहीतर काडी आपणच ओढली, आता ओरडा बसणार म्हणून. त्यामुळे आमच्याकडे ठरलेलं वाक्य होतं, "कुणी लावली ते नंतर, आधी बाहेर." धूर असेल तर रांगत, कारण तो वर जमतो. एकदा बाहेर आलं की खेळण्यासाठी परत आत नाही.

अजून एक. तोंडावर मास्क, पाठीवर सिलेंडर, असा माणूस धुरातून आला की पोरं आणखीनच आत सरकतात. म्हणून बाबा सोसायटीतल्या मुलांसमोर तो मास्क चढवून आवाज ऐकवायचे. १९४४ साली १४ एप्रिलला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन बोटीचा स्फोट झाला, त्यात गेलेल्या जवानांसाठी त्या दिवसापासून अग्निशमन सप्ताह पाळतात. तेव्हा केंद्रावर विचारून मुक्ताला घेऊन जा.

निशिगंधा
टेडीला घेऊन!! अगं बाई.

अपर्णा कोथरूड
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. मुलगा नववीत, स्वतःच फ्राइज तळतो. एकच घोटून घेतलंय, कढईतलं तेल पेटलं तर पाणी नाही. गॅस बंद, वरून ताट सरकवायचं, आणि कढई उचलून सिंककडे तर मुळीच पळायचं नाही. ताट आधीच ओट्यावर काढलेलं हवं, तेव्हा कुठे शोधणार. शिट्टी झाली, येते.

डॉक्टरीणबाई
भाजलं की नळाखाली धरा, वीस मिनिटं. बर्फ नाही, हळद नाही, टूथपेस्ट नाही. तो पांढरा थर आम्हाला खरवडून काढावा लागतो आणि पोर किंचाळतं.

पेठकर७१
आणि निळी शाई?

डॉक्टरीणबाई
पेठेतच राहा तुम्ही.

आप्पा
नातवाला सांगितले आहे, गॅसचा वास आला की विजेचे बटण चालू करायचे नाही आणि बंदही करायचे नाही. बेलसुद्धा वाजवायची नाही. दार उघडे टाकून शेजारी जायचे, फोन तिथून. गळतीला १९०६, आगीला १०१. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. पाइपचा हलका, वर जातो. त्यावर त्याचा प्रश्न, गॅसला वास असतो का? म्हटले नसतो, मुद्दाम घालतात. आता सबंध बिल्डिंगला सांगत सुटला आहे.

मुक्ताची आई
आप्पा, फोनवरून आठवलं. काल लेकीला पत्ता विचारला. फ्लॅट नंबर, पिनकोड पाठ. सोसायटीचं इंग्रजी नाव मात्र जिभेवर येईना! बिल्डरांना काय होतं कोण जाणे. शेवटी 'मारुतीच्या देवळामागची पिवळी बिल्डिंग' ठरवलंय.

निशिगंधा
दिवाळीत आमच्याकडे किल्ल्याशेजारी बादली असते. विझलेली फुलबाजी थेट पाण्यात, कारण तार लाल नसली तरी चटका बसतोच. आणि झगमग नायलॉनचे फ्रॉक नकोत, सुती घाला. फोटो काय, नंतर काढा.

अपर्णा कोथरूड
आले परत. निशिगंधा, यंदा किल्ला कुठला?

निशिगंधा
राजगड. बालेकिल्ला उभा राहतो, माच्या ढासळतात.

अपर्णा कोथरूड
पोतं आधी ओलं कर गं, मग माती.

सौरभ बाणेर
अकराव्या मजल्यावर आहे. लिफ्ट वापरायची नाही हे मुलांना माहितीय, पण जिना कुठे आहे तेच माहीत नव्हतं. आता रविवारी जिन्यानेच उतरतो. आमच्या मजल्यावर जिन्याच्या दाराशी बुटांची रॅक आणि दोन सायकली, त्यावरून शेजारी सध्या बोलत नाहीत.

रेवा_के
न बोलू देत. रॅक हलली का?

सौरभ बाणेर
रॅक हलली, सायकली आहेत. बरं, बाल्कनीच्या ग्रिलच्या खिडकीला नंबरचं कुलूप लावू का? किल्ली सारखी हरवते.

रेवा_के
अंधारात, धुरात नंबर कोण जुळवणार? किल्लीचंच ठेवा. दोन किल्ल्या करून घ्या, एक ग्रिलजवळच खिळ्याला, धाकट्याचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. पण बाहेरून चोराचा पोचू नये.