मदत हवी आहे: तीन संस्थांच्या नोंदी जुळवायच्या कशा?

नमस्कार मंडळी. आम्ही नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुवा भागात काम करतो. शेजारच्या दोन संस्थांबरोबर कुपोषण आणि सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या नोंदी एकत्र करून पाड्यानिहाय नियोजन करायचं ठरवलंय. ठरवायला काय जातं! अंगणवाडीताईंची नोंद पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर, आशाताईंची वहीत, आमची एक्सेलमध्ये. आडनाव एकीकडे 'पावरा', दुसरीकडे 'पावारा'. जन्मतारीख विचारावी तर निम्म्यांची १ जून. त्यात दिवाळीनंतर कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, होळीला परततात. तेवढ्यात तेच बाळ एका यादीतून गळतं आणि दुसरीत दोनदा चढतं.

आधार क्रमांक न घेता माणूस ओळखायची सोपी पद्धत कुणी वापरली आहे का? आईचं नाव, पाडा आणि बाळाचा कितवा क्रमांक, एवढ्यावर भागेल?

दुसरी धास्ती मोठी आहे. सिकलसेलचा निकाल फुटला तर मुलीचं लग्न जमताना तोच आडवा येतो. म्हणून नियोजनाला नुसते पाड्याचे आकडे द्यावेत असं माझं मत, पण लहान पाड्यात 'रुग्ण १' लिहिलं तरी सगळ्यांना कळतं कोण ते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला धरून केलेला संस्थांमधला करारनामा कुणाकडे असेल तर नमुना पाठवा. पावरी बोलीतून संमती घेतलेल्यांचा अनुभवही हवाय.