वेगळा पेपर कशाला?

सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात ‘जागतिक दृष्टिकोन’ असा वेगळा पेपर ठेवावा, ही सूचना पटली नाही. पेपर पाठ होतो, शिकवणं तसंच राहतं. त्यापेक्षा अध्यापन पद्धतीच्या तासालाच ध्रुवांकडचे प्रदेश फुगवून दाखवणारा मर्केटरचा जगाचा नकाशा (१५६९) आणि क्षेत्रफळांचं प्रमाण खरं राखणारा समक्षेत्र नकाशा शेजारी-शेजारी लावा. आफ्रिकेत ग्रीनलंड किती वेळा मावेल, याचा अंदाज आधी लिहून घ्या. मगच क्षेत्रफळं द्या: साधारण ३ कोटी आणि २२ लाख चौ.किमी. मर्केटर जहाजांना दिशा धरता यावी म्हणून केलेला, हे सांगायचं राहिलं की प्रशिक्षणार्थी ‘नकाशे खोटे’ एवढंच घेऊन जातात.

सरावपाठ मात्र हमखास झेंडे-पोशाखांवर घसरतो, कारण घटक देशवार आखलेला असतो. तो प्रश्नाभोवती आखायला लावा: १८८४-८५च्या बर्लिन परिषदेत आफ्रिकेवर ताबा सांगण्याचे नियम ठरले, तिथे एकही आफ्रिकी प्रतिनिधी का नव्हता?